यमाच्या तोंडावर भिंत

पुंडलिकराव गुरुजींनी महागावजवळच्या एका हायस्कुलात उभी हयात भूगोल शिकवला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस आणि रात्र होतात, ती आपला आस कललेला ठेवून सूर्याभोवती फिरते म्हणून ऋतू होतात, हे त्यांनी गावच्या दोन पिढ्यांच्या टाळक्यात घातलं. आकृतीत कुणी पृथ्वीचा आस सरळ काढला की गुरुजी वही खिडकीतून बाहेर भिरकावायचे. "पृथ्वी म्हंजे काय तुह्या बापाच्या वावरातला खांब हाय का बे, सरळ उभी राहाले?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गुरुजी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य काही निवृत्त झालं नाही. पानटपरीवर, बँकेच्या रांगेत, मयतीच्या बैठकीतसुद्धा गुरुजी पृथ्वी कलवून दाखवायचे.

कललेल्या पृथ्वीशी लीलाबाईंचा, म्हणजे गुरुजींच्या पत्नीचा, कधी संबंध आला नव्हता. ती शाळेतली गोष्ट. घरी गुरुजी पृथ्वीबद्दल बोलत नसत, वरणातल्या मिठाबद्दल बोलत. शेत लीलाबाईंनीच केलं. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी, निंदण, फवारणी, मजूर, सगळं त्यांच्या अंगावर. गुरुजी रविवारी इस्त्रीचा सदरा घालून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येत, हात मागे बांधून वावराकडे बघत, "पेरणीचं तास सरळ नाई आलं" असं काहीतरी म्हणत आणि चहाच्या वेळेला घरी परतत. एवढ्या कष्टानंतर त्यांना दुपारी झोप लागायची.

या सगळ्या शेतात लीलाबाईंचा जीव होता तो विहिरीजवळच्या एका तुकड्यात. तिथे दर हिवाळ्यात त्या बन्सी गहू पेरायच्या. हे बियाणं त्यांच्या आईनं लग्नात गाडग्यात घालून दिलेलं. बाभुळगावकडच्या त्यांच्या माहेरी आता हा गहू कुणी पेरत नाही. भावांनी कधीच सोडून दिला, आईही गेली. उतारा कमी, काड उंच, वारा आला की आडवा पडणार. पण त्याच्या शेवया दुधात पडल्या की घरातली माणसं बोलायची थांबतात. आईच्या हातचं म्हणून जगात आता काही उरलं असेल तर ते एवढंच, हे लीलाबाईंना ठाऊक होतं. म्हणून पेरणीच्या वेळी त्या चार ओंजळी मागे ठेवत, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून गाडग्याचं तोंड बांधत. पीक गेलं तरी बी राहावं, एवढाच त्यामागचा हिशेब.

अडचण पाण्याची होती. विहिरीला पाणी होतं, पण मोटरीची लाइन, म्हणजे वीज, यायची रात्री. ऐन थंडीत हातात बॅटरी घेऊन, चिखलात साप आहे की पाइप आहे हे पायाने चाचपत लीलाबाईंनी कितीतरी हिवाळे ओलीत केलं. गुरुजी तेव्हा घरी पांघरुणात असायचे, कारण पृथ्वीचा तो भाग सूर्यापासून पाठमोरा असतो. शेवटी लीलाबाईंनी सोलर पंपाचा हट्ट धरला. जुनी लाइन सोडली आणि उन्हाळ्यात विहिरीच्या काठावर सोलरच्या प्लेटा उभ्या राहिल्या.

प्लेटा बसवायला बंजारा तांड्यावरचा बबलू आला होता. कंपनीत फिटर, आणि गुरुजींचा जुना विद्यार्थी, म्हणजे बोलताना दोन पावलं मागे सरकणारा. गुरुजींनी धुऱ्यावरून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बबलू, यांचं तोंड दक्षिणेकडे काहून करून राह्यला?"

"दक्षिणेकडेच करा लागते, सर."

"काहून?"

"कंपनीनं सांगतलं. अन् सर, त्या बाजूनं मोकळं ठेवजा बरं. झाड नाई, भिंत नाई, काहीच नाई."

"ते काहून?"

बबलूने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "ते मले नाई माहीत, सर. पन ठेवजा मोकळं."

"माहीत नाई त्या गोष्टी मोठ्या तोंडानं सांगू नये," गुरुजी म्हणाले, आणि एका फिटरला निरुत्तर केल्याच्या समाधानात चहाला गेले. वास्तविक त्या 'काहून'चं उत्तर साऱ्या गावात एकाच माणसाकडे होतं. आकृतीसकट होतं. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर गुरुजींनी स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण ते पडलं शाळेतलं ज्ञान, आणि हे होतं घरचं वावर.

शिवाय गुरुजींच्या मनात दुसरंच काही घोळत होतं. गुरुजी अंधश्रद्धेचे कट्टर विरोधक. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभे राहून ते भुताखेतांची अशी काही खरडपट्टी काढत की पुढच्या रांगेतल्या पोरांना रात्री झोप येत नसे. पण त्यांच्या स्वतःच्या घरात चूल दक्षिणेकडे तोंड करून नव्हती, दार नव्हतं, देव तर नव्हताच. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. दक्षिणेच्या भिंतीतल्या कोनाड्यात वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, यमाचा दिवा लागायचा, तोही लीलाबाई लावायच्या. गुरुजी त्या कोनाड्यात उभ्या वर्षात हात घालत नसत. आणि आता त्यांच्या विहिरीवर भल्यामोठ्या चकाकत्या प्लेटा दिवसभर यमाकडे टक लावून बसणार होत्या.

त्यातच प्लेटा बसल्यावर आठवडाभरात गुरुजींची स्कुटी घसरली. मग गाय आटली. मग गुरुजींच्या रक्तात साखर वाढलेली निघाली. साखर निशिगंधाने, म्हणजे लेकीने, नागपूरहून पाठवलेल्या पेढ्यांमुळे वाढली होती आणि ते पेढे गुरुजींनी एकट्याने संपवले होते. पण पेढ्यांना दिशा नसते, म्हणून त्यांच्यावर कुणाचा संशय गेला नाही.

जून लागता लागता गुरुजींनी गवंडी आणला आणि प्लेटांच्या पुढे, दक्षिणेकडून, दोन पावलांवर, पुरुषभर उंचीच्याही वर जाणारी चार इंची भिंत उभी केली. यमाने प्लेटांकडे बघू नये आणि प्लेटांनी यमाकडे. आता हे कारण गावात सांगायची सोय नव्हती. म्हणून गुरुजींनी भिंतीला नाव दिलं 'भूगोल भिंत'. उमरखेडहून ऋतिक पेंटर बोलावला आणि सडकेकडच्या अंगाला सूर्य, त्याच्याभोवती पृथ्वीची वाट आणि वाटेवर पृथ्वी काढून घेतली. खाली लिहिलं, 'संकल्पना : पुंडलिकराव गुरुजी, निवृत्त भूगोल शिक्षक'.

ऋतिकने पृथ्वीचा आस सांगितल्याप्रमाणे कललेला काढला होता. गुरुजींनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मनाला येईना. सडकेवरून पाहिलं तर पृथ्वी पडायला आल्यासारखी दिसत होती, आणि नेमकी त्यांच्या नावावर पडायला आली होती.

"सरळ कर बे हे," गुरुजी म्हणाले. "आपल्या भिंतीवर वाकडं बरं नाई दिसत."

ऋतिकने गुरुजींच्याच वर्गात याच कारणासाठी वही गमावलेली होती. त्याने एकदा गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं, पण त्याला संध्याकाळची बस गाठायची होती. त्याने पृथ्वी सरळ केली आणि निघून गेला.

लीलाबाईंना भिंतीची काळजी वाटली होती. बबलूचं बोलणं त्यांच्या कानावर होतं. तेव्हा गुरुजींनी त्यांना ऐन दुपारी, डोक्यावर टोपी घालून, विहिरीवर नेलं.

"पाह्य लीला. सावली कोनीकडे पडली?"

सावली खरंच प्लेटांकडे नव्हती. भिंतीच्या पायाशी, सडकेच्या बाजूला, एक बारीक काळी पट्टी तेवढी होती.

"प्लेटाइवर तिळभर तरी हाय का?"

"नाई," लीलाबाई म्हणाल्या. "पन नेहमीच तिकडं पडते का ते?"

"सूर्य काय बिऱ्हाड बदलते का दर महिन्याले?" गुरुजी हसले. "विज्ञान म्हंजे निरीक्षण. डोयानं पाह्यलं ना तू? मंग झालं."

लीलाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं हे खरं. आणि ज्या माणसाने जन्मभर सूर्य-पृथ्वीच शिकवले, त्याला सूर्य कुठे जातो हे माहीत नसेल असं कोणत्या बाईच्या मनात येईल? त्या सोयाबीनच्या पेरणीला लागल्या. पावसाळाभर ढग होते, पाण्याची गरज नव्हती, भिंत काय करते हे बघायला कुणी फिरकलं नाही.

सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, बन्सीच्या पेरणीची वेळ आली. लीलाबाई नेहमीप्रमाणे चार ओंजळी बाजूला काढत होत्या. गुरुजी ओसरीवर पेपर वाचत होते, त्यांनी ते पाहिलं.

"अवं, हे कायले मांगं ठेवते आता? सोलर लागलं आपल्या घरी. दिवसभर पानी. पीक जाईनच कसं? अडाणी बायाइवानी करू नको."

"राहू द्या ना. माय ठेवे."

"तुह्या मायजवळ सोलर होतं का?"

आणि गुरुजींनी उठून, स्वतःच्या हाताने, त्या चार ओंजळी पेरणीच्या टोपलीत ओतल्या. संसारात त्यांनी शेतीचं केलेलं हे पहिलं काम. लीलाबाईंनी रिकामं गाडगं उचलून पालथं ठेवलं. पण दिवसा पाणी मिळणार या सुखात त्यांनी मन समजावलं आणि आईचं होतं नव्हतं तेवढं सगळं बी मातीत गेलं.

गहू छान उगवला. पहिलं पाणी दुपारच्या उन्हात, कोरड्या पायांनी दिलं, तेव्हा लीलाबाईंना वाटलं, जन्माचं सार्थक झालं. मग सावली आली. आधी भिंतीच्या उत्तरेला जमिनीवर, मग प्लेटांच्या लोखंडी पायांवर, आणि दिवस लहान होत गेले तशी प्लेटांच्या खालच्या कडेवर चढून बसली. वीतभरच होती, पण मोटर आचके द्यायला लागली. पाइपातून पाणी यायचं ते बाळाच्या लाळेसारखं. गव्हाची पानं दुपारी गुंडाळू लागली.

"भिंतीची सावली पडून राह्यली प्लेटाइवर," लीलाबाई म्हणाल्या.

"वीतभर सावली. वरतं सारं ऊन हाय. वीतभरानं काय होते?" हे उत्तर गुरुजींनी अंथरुणातून दिलं. एका प्लेटेची थोडीशी कड झाकली तरी साऱ्या ओळीचा जोर जातो, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि माहीत नसलेल्या गोष्टी ते फार मोठ्या तोंडाने सांगत. "चार दिवसांत हटते ते. सूर्य सरकत राह्यते."

चार दिवसांनी सावली चार बोटं वर सरकली. गुरुजींनी दोष धुक्याला दिला. मग धुळीला दिला. लीलाबाईंनी पदराने सगळ्या प्लेटा पुसून काढल्या. मग गुरुजींनी दोष कंपनीला दिला आणि बबलूला फोनवर असं झापलं की तो गरीब पुन्हा फिरकलाच नाही. आता दोष द्यायला उरली होती ती फक्त भिंत, पण तिच्यावर गुरुजींचं नाव होतं.

शेजारच्या वावरातली तांड्याची जमनी लीलाबाईंची जुनी सोबतीण. तिच्या नवऱ्याचं, फुलसिंगचं, डिझेल इंजिन होतं. जमनी धुऱ्यावर येऊन म्हणाली, "बाई, गहू चालला तुमचा. आमचा पाइप टाका अन् घ्या पानी."

गुरुजींनी हे ऐकलं आणि त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. "सोलरवाल्यानं इंजिनाचं पानी घ्याचं? साऱ्या गावाले मी सोलर सांगत फिरतो. लोकं तोंडात शेण घालतीन माह्या." लोक घालणार असलेल्या शेणाच्या भीतीने गव्हाच्या तोंडचं पाणी गेलं. त्या संध्याकाळी लीलाबाई वावरात बसून एकट्या रडल्या. गहू जातो तेव्हा माणसं पुढच्या वर्षाचं बोलतात. त्यांना पुढचं वर्षच नव्हतं. गाडगं घरी पालथं पडलं होतं.

अशात डिसेंबरची बावीस तारीख आली. वर्षातला सर्वात लहान दिवस. त्या निमित्ताने गावच्या हायस्कुलात गुरुजींचं व्याख्यान आणि सपत्नीक सत्कार ठेवला होता. मुख्याध्यापिका सुरभी मॅडम गुरुजींच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी स्वतः येऊन आमंत्रण दिलं आणि व्याख्यानानंतर मुलांना भूगोल भिंत दाखवायला न्यायचंही ठरवलं. लीलाबाईंचं मन नव्हतं. पण सपत्नीक म्हटल्यावर पत्नी लागते. त्या इस्त्रीच्या लुगड्यात पुढच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचा तास ऐकला.

आणि काय सांगावं, माणूस शिकवायचा छानच. गुरुजींनी शाल अंगावर तशीच ठेवून टेबलावर एका मुलीला पेटती बॅटरी घेऊन उभं केलं. "ही सूर्य. आणि मी पृथ्वी." पोरं हसली. "माझ्या कमरेचा पट्टा म्हणजे विषुववृत्त. सदऱ्याची ही वरची गुंडी म्हणजे आपलं महागाव." गुरुजींनी जागच्या जागी एक गिरकी घेतली. "गुंडी बॅटरीसमोर आली, दिवस. पाठ फिरली, रात्र." दुसऱ्या गिरकीला शाल सुटून सुरभी मॅडमच्या अंगावर पडली. टाळ्या पडल्या.

मग गुरुजी कमरेतून खिडकीकडे झुकले आणि तसेच झुकलेले टेबलाभोवती चालू लागले. "लक्ष द्या. मी कुठेही गेलो तरी खिडकीकडेच झुकलेला राहणार. पृथ्वी आपला कल बदलत नाही." टेबलाच्या पलीकडे खिडकी राहिली, तेव्हा झुकलेल्या गुरुजींची छाती बॅटरीच्या अगदी समोर आली. "हा जून. आपल्या गुंडीवर सूर्य ऐन डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेलाच. दुपारी सावली पायाशी, फार तर दक्षिणेकडे सांडते. दिवस मोठा." मग ते धापा टाकत टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये आले. झुकले होते खिडकीकडेच, पण आता त्यामुळे डोकं आणि छाती बॅटरीपासून दूर गेली. "हा डिसेंबर. उजेड आता पट्ट्याच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून, तिरपा येतो. ऊन पातळ, दिवस लहान, थंडी. आणि प्रत्येक वस्तूची सावली लांबच लांब, उत्तरेकडे."

लीलाबाई खुर्चीत ताठ बसल्या. जूनमध्ये दक्षिणेकडे. डिसेंबरमध्ये उत्तरेकडे. म्हणजे सूर्य बिऱ्हाड बदलत होता. दर वर्षी बदलत होता, आणि हे गुरुजींना लग्नाच्या आधीपासून माहीत होतं.

"कुणाला काही शंका?" गुरुजींनी घाम पुसत विचारलं.

लीलाबाईंनी हात वर केला. वर्गात खसखस पिकली. गुरुजींचा चेहरा फुलला. घरात इतक्या वर्षांत त्यांना या बाजूने शंका आली नव्हती. "विचारा, अवश्य विचारा."

"दक्षिणेकडून काही उभं असन," लीलाबाई म्हणाल्या, "तं त्याची सावली चार दिवसांत हटते का?"

"चार दिवसांत?" गुरुजींनी मुलांकडे पाहून डोळे मिचकावले. "मुलांनो, सामान्य माणसाचा हाच गैरसमज असतो. आज सावली सर्वांत लांब. आजपासून सूर्य परत फिरतो, पण इतक्या संथपणे की संक्रांतीपर्यंत तुम्हाला फारसा फरक जाणवणारही नाही. पुरती हटेल होळीच्या सुमारास. पृथ्वी कुणाच्या सोयीने घाई करत नाही."

"होळीले तं गहू कापाले येते," लीलाबाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर! रब्बी हंगाम!" गुरुजींना उदाहरण फारच आवडलं. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. फळ्याकडून वळले तेव्हा पुढची खुर्ची रिकामी होती.

लीलाबाई शाळेतून सरळ वावरात आल्या. संताप इतका होता की लुगड्याचा काठ धुळीत लोळतोय याचंही भान नव्हतं. चूक माणसाकडून होते. पण या माणसाने शाळेत एक पृथ्वी ठेवली होती आणि घरात दुसरी. शाळेतली कलायची, घरातली ताठ उभी. पोरांना खरं सांगायचं आणि बायकोला चार दिवस. त्यांनी धुऱ्यावरून हाक मारली, "जमने! घन आन वं फुलसिंगभाऊचा. अन् लोखंडी सबल."

जमनी धावत आली. कशासाठी ते कळल्यावर तिने तोंडाला हात लावला. "याडी वं, माय! सरची भिंत?"

"भिंत सरची. गहू माह्या मायचा."

फुलसिंगने घन दिला आणि स्वतः मोटरीच्या खोलीमागे जाऊन उभा राहिला, कारण त्यालाही गुरुजींनीच शिकवलं होतं. बायकांना त्याची गरज पडली नाही. भिंत चार इंची होती. यमाला अडवायला एवढी पुरेल असा गुरुजींचा अंदाज असावा. दोन घावांत वरचे थर हलले. पहिली खाली आली ती पृथ्वी. पडताना मात्र ती कलली.

भिंत निम्म्यावर आली आणि प्लेटांच्या खालच्या कडेवर ऊन पोचलं. मोटरीचा आवाज बदलला. आचके थांबले, एकसुरी घरघर लागली, आणि पाइपाच्या तोंडून मनगटाएवढी धार पाटात पडली. लीलाबाईंनी घन टाकला, पाटात हात घातला आणि तो ओला हात तोंडावरून फिरवला. जमनीने पाटाचं बारं, म्हणजे मातीनं बुजवलेलं तोंड, फोडून पाणी गव्हाकडे वळवलं.

तेवढ्यात सडकेवरून रांग आली. पुढे गुरुजी, खांद्यावर शाल, हातात नारळ. मागे सुरभी मॅडम आणि अख्खा वर्ग, सावली मोजायला पट्ट्या घेऊन. भूगोल भिंतीच्या जागी विटांचा ढीग होता आणि ढिगावर 'निवृत्त भूगोल शिक्षक' एवढीच अक्षरं वर तोंड करून पडली होती.

"सर, ही भिंत...?" सुरभी मॅडम म्हणाल्या.

गुरुजींनी विटांकडे पाहिलं, प्लेटांकडे पाहिलं, वाहत्या पाटाकडे पाहिलं. मग लीलाबाईंच्या हाताशी पडलेल्या घनाकडे. त्यांच्या तोंडाचा चंबू झाला. पण जन्मभर वर्गापुढे उभा राहिलेला माणूस. मुलांसमोर गप्प राहणं त्याला जमत नाही.

"हे... हे प्रात्यक्षिक आहे," गुरुजी म्हणाले. "सैद्धांतिक भाग शाळेत झाला. हा प्रात्यक्षिक भाग. मीच सांगितलं होतं."

सगळ्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं, बोलून टाकावं. यमाची दिशा, बबलूचं बोलणं, टोपलीत ओतलेल्या चार ओंजळी, सगळं या पोरांपुढे मांडावं. जिभेवर आलं होतं. पण पाणी वाहत होतं आणि बारं दुसऱ्या वाफ्यात वळवायची वेळ झाली होती.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सरच म्हनले, होळीपर्यंत हटत नाई. म्हनून आमीच हटवली."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी मान लववून त्या स्वीकारल्या. प्लेटांच्या पुढून जाताना मात्र त्यांनी लांबचा वळसा घेतला, यमाला आता आडोसा नव्हता. पुढे कितीतरी दिवस ते विहिरीवर मागच्या बाजूनेच जायचे. यम आला नाही. लीलाबाईंनी पेढ्यांचा डबा बंद केला तेव्हापासून साखरही उतरली, आणि त्याचं श्रेय गुरुजींनी सकाळच्या फिरण्याला दिलं.

गव्हाचा दूरचा कोपरा गेला तो गेलाच. बाकीचा तगला, पण ओंब्या खुज्या, दाणा बारीक. मळणी झाली तेव्हा लीलाबाईंनी सगळं पाखडून पाहिलं, भरलेला दाणा वेगळा केला. तो एका गाडग्यापुरता झाला. त्या उन्हाळ्यात घरात शेवया झाल्या नाहीत. निशिगंधाने फोन करून विचारलं, "आई, डबा नाई पाठवला या साली?" तेव्हा लीलाबाईंनी "तुह्या बाबांना विचार" म्हणून फोन गुरुजींच्या हातात दिला. गुरुजी बराच वेळ हवामानावर बोलले.

जूनच्या सुरुवातीला, आभाळ भरून यायच्या आधी, लीलाबाईंनी गाडग्यातलं बी काढून विहिरीजवळ उन्हात पसरलं. भिंतीचा तळचा दोन फुटांचा भाग तसाच उभा होता, तिच्या पायाशी गवंड्याने केलेला सिमेंटचा चौथरा वाळवणाला चांगला होता. ऐन दुपारी गुरुजी टोपी घालून आले. उरलेल्या भिंतीभोवती फिरले, वाकले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाह्य लीला! पाह्य, सावली दक्षिणेलेच पडली! मी म्हनत होतो. जूनमंदी माही भिंत बरोबरच होती."

लीलाबाईंनी सावलीकडे पाहिलं नाही. त्या बी हाताने सारखं करत होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मंग पुढच्या साली गहू जूनमंदीच पेरजा तुमी."

गुरुजी टोपी सरळ करून चहाला गेले. संध्याकाळी लीलाबाईंनी बी गोळा केलं, त्यातल्या चार ओंजळी वेगळ्या गाडग्यात भरल्या, राख आणि पाला घालून तोंड बांधलं. ते गाडगं त्यांनी दक्षिणेच्या कोनाड्यात ठेवलं, यमाच्या दिव्याच्या जागी. तिथे गुरुजी हात घालत नाहीत.